बाकावरच्या गोलकीपरची मालिका

सत्राच्या पहिल्याच तासाला आम्हाला काम नेमून मिळालं. लोकांना अजून आवडणारी एखादी जुनी चित्रपटमालिका निवडायची आणि ती आजच्या टीव्हीसाठी पुन्हा उभी करायची. सत्र संपताना पायलटचा, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाचा, पूर्ण मसुदा आणि दहा भागांच्या सीझनचा आराखडा द्यायचा. वर्ग लॉस एंजेलिसमधला, टीव्हीसाठी पटकथा लिहायला शिकवणारा. सगळं सरावापुरतंच असल्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता. मी मुलांच्या आइस हॉकी संघावरचं ‘द मायटी डक्स’ घेतलं.

“त्याची मालिका तर होऊन गेली,” शिक्षिका म्हणाल्या.

खरंच होऊन गेली होती. ‘द मायटी डक्स: गेम चेंजर्स’ मार्च २०२१ मध्ये डिस्ने प्लसवर आली, सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा दुसरा सीझन आला, २०२३ च्या सुरुवातीला ती थांबवल्याचं कळलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती डिस्ने प्लसवरून उतरवण्यातही आली. मला हाच विषय हवा होता, त्याचं कारणही हेच. एकदा कुणीतरी हे गणित सोडवून दाखवलेलं होतं. त्यांनी कुठली वाट धरली आणि कुठली सोडली, हे पाहून मला माझी वाट शोधायची होती.

ज्यांनी मूळ चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिला १९९२ चा. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमधला गॉर्डन बॉम्बे नावाचा तरुण वकील दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो आणि शिक्षा म्हणून त्याला समाजसेवा करावी लागते. ती सेवा म्हणजे गरीब वस्तीतल्या मुलांच्या आइस हॉकी संघाला शिकवणं. संघाकडे धड साहित्य नाही, जिंकणं तर लांबच. बॉम्बे स्वतः लहानपणी याच खेळात नावाजलेला, पण एका अंतिम सामन्यात त्याचा पेनल्टी शॉट गोलपोस्टला लागून फुकट गेला आणि त्याच्या कोचने ते त्याला कधी विसरू दिलं नाही. एमिलियो एस्तेवेझने केलेला हा बॉम्बे, आणि स्टीव्हन ब्रिल यांनी लिहिलेली ती मुलं, यांच्यावर अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीने जीव लावला. अमेरिकेत चित्रपटाने सुमारे ५ कोटी डॉलरचा धंदा केला. १९९४ मध्ये दुसरा आला, १९९६ मध्ये तिसरा. मधल्या काळात डिस्नेने चित्रपटाच्याच नावाने कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये खराखुरा व्यावसायिक संघ काढला, तो १९९३ पासून एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, खेळू लागला. पडद्यावरच्या मुलांच्या संघाचं नाव मोठ्यांच्या लीगमध्ये जाऊन बसावं, असं खेळांच्या जगात फार क्वचित घडतं.

मी कामाला सुरुवात केली ती तिन्ही चित्रपट मोडून. एक प्रसंग, एक कार्ड. कार्डावर तीनच गोष्टी लिहायच्या: या प्रसंगात कुणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, प्रसंग संपताना काय बदललेलं असतं. भिंतीवर तीन ओळी लावल्या, एकाखाली एक. तशा लावल्यावर सांगाडा लगेच दिसला. कुणालाही नको असलेली मुलं, जुनी जखम घेऊन फिरणारा मोठा माणूस, श्रीमंत आणि शिस्तबद्ध प्रतिस्पर्धी, आणि शेवटी सगळा सामना एका क्षणावर आणून ठेवणं. पहिल्यात संघातल्या चार्ली कॉनवेचा पेनल्टी शॉट. दुसऱ्यात आइसलँडच्या संघाविरुद्धचा शूटआउट. तिसऱ्यात तर गोलकीपर म्हणून सुरुवात केलेला गोल्डबर्ग बचावपटू झालेला असतो आणि निर्णायक गोल तोच मारतो.

पण त्या तीन ओळींत मला जास्त महत्त्वाची वाटली ती अडचण, जी प्रत्येक नव्या चित्रपटाबरोबर वाढत गेलेली दिसते. ही दुबळ्यांची गोष्ट आहे आणि दुबळे जिंकलेत. दुसऱ्या चित्रपटात ती मुलं अमेरिकेचा संघ म्हणून खेळतात. मग तिसऱ्यात त्यांना पुन्हा दुबळं करायला एका महागड्या खाजगी शाळेत आणावं लागतं, जिथे ती ज्युनियर संघात आहेत आणि शाळेचा सीनियर संघ त्यांना खिजगणतीत धरत नाही. खऱ्या जगातही तसंच झालं. अनाहाइमचा संघ २००६ मध्ये नुसता ‘डक्स’ झाला आणि २००७ मध्ये त्याने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं. त्यानंतर ‘डक्स म्हणजे बिचारे’ हे कुणाला पटणार?

२०२१ च्या मालिकेचं उत्तर मला अजूनही फार हुशारीचं वाटतं. ब्रिल यांनी जॉश गोल्डस्मिथ आणि कॅथी युस्पा यांच्यासोबत ती रचली, आणि त्यात डक्स हाच आता तो श्रीमंत, मग्रूर संघ आहे. बारा वर्षांच्या इव्हानला तो संघ काढून टाकतो आणि सुनावतो की तू आता या खेळाच्या भानगडीत पडूच नकोस. त्याची आई अ‍ॅलेक्स, म्हणजे लॉरेन ग्रॅहम, चिडून उरल्यासुरल्या मुलांचा स्वतःचा संघ काढते आणि त्याचं नावच ‘डोंट बॉदर्स’ ठेवते. बॉम्बे आता बर्फावर खेळायच्या एका मोडकळीला आलेल्या रिंकचा मालक आहे आणि त्याला हॉकीचं नाव काढलेलं चालत नाही. जुन्या चित्रपटांनी ज्याच्या विरोधात उभं राहायला शिकवलं, तेच जुन्या नायकांच्या नावाने होऊ लागलंय, हे दाखवायला धाडस लागतं. जुन्या चाहत्यांना गोंजारणं त्याहून कितीतरी सोपं होतं.

त्या सीझनच्या सहाव्या भागात जुने खेळाडू परत येतात. फुल्टन, अ‍ॅव्हरमन, बँक्स, कॉनी, गाय, केनी वू. तो भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळे भरून आले होते, आणि लेखनाचा अभ्यास म्हणून आठवताना मला त्यातली शिस्त दिसते. पाच भाग त्यांनी नव्या मुलांना दिले. आपण इव्हानला आणि त्याच्या पॉडकास्ट करणाऱ्या निकला ओळखू लागलो, त्यानंतरच जुने चेहरे आले, आणि आल्यावर नव्या मुलांसोबत बर्फावर उतरले. पहिल्याच भागात ते आले असते तर नवी मुलं पाहुणी वाटली असती.

यानंतर शिक्षिकांनी मला विचारलेला प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. “चित्रपट अंतिम सामन्यावर संपतो. तुझा दर आठवड्याचा प्रश्न काय आहे?”

टीव्हीवाले याला मालिकेचं इंजिन म्हणतात. एक गोष्ट सांगून झाली की दुसरी आपोआप सुरू व्हावी, असा आतला ताण. खेळाच्या चित्रपटात तो ताण गुणफलकातून येतो आणि दोन तासांत संपतो. मालिकेत दर भागाला सामना दाखवला तर चौथ्या भागापासून पाहणाऱ्याला निकालाची पर्वा उरत नाही. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ २००४ चा चित्रपट, त्याच्या दिग्दर्शकाने, पीटर बर्गने, २००६ मध्ये त्याची मालिका केली आणि ती २०११ पर्यंत चालली. तिच्यात अमेरिकन फुटबॉलइतकंच कोचचं स्वयंपाकघर आहे. शुक्रवारचा सामना गावातल्या प्रत्येकाच्या घरात शिरलेला आहे, म्हणून ती टिकली. ‘कोब्रा काय’ने २०१८ मध्ये वेगळी युक्ती केली: १९८४ च्या ‘द कराटे किड’मध्ये शेवटची लाथ खाऊन हरलेल्या जॉनीच्या बाजूने गोष्ट सांगायला घेतली. म्हणजे जिंकणाऱ्यांची बाजू चित्रपटांनी सांगितली होती, हरणाऱ्याची बाजू कोब्रा कायने सांगितली, संघातून काढलेल्याची बाजू गेम चेंजर्सने. मी भिंतीसमोर उभी राहून कार्डं पुन्हा वाचत होते, आणि मला कळलं की एक बाजू कुणीच घेतलेली नाही. संघात असलेली, पण खेळायला न मिळालेली.

दुसऱ्या चित्रपटात ती आहे. ज्युली गॅफनी, टोपणनाव ‘द कॅट’. मेन राज्यातून आलेली गोलकीपर. गोल्डबर्ग आधीपासून गोलात असल्यामुळे तिच्या वाट्याला बाक येतो. शेवटच्या शूटआउटमध्ये, अगदी शेवटच्या शॉटला, बॉम्बे तिला आत पाठवतो आणि ती तो अडवते. लहानपणी मला तो अडवलेला शॉट तेवढा लक्षात राहिला होता. आता कार्डं मांडल्यावर माझं लक्ष त्याआधीच्या सगळ्या प्रसंगांवर गेलं, ज्यांत ती चौकटीच्या कडेला बसलेली आहे.

इंजिन तिथे सापडलं. ज्युली आता चाळिशीत आहे, मिनेसोटात बारा वर्षांखालच्या मुलामुलींची कोच आहे, आणि तिच्या संघात दोन गोलकीपर आहेत. गोल एकच असतो. जे तिला सोसावं लागलं तेच तिला दर शनिवारी एका लहान मुलाला करायला लागतं. कुठल्याही खलनायकाशिवाय ही गोष्ट दर आठवड्याला नव्याने सुरू होते, कारण पुढचा सामना येतोच.

बर्फावरची हॉकी मी पडद्यावरच जास्त पाहिलेली. त्यामुळे लिहायला बसण्याआधी मी एका रिंकवर जाऊन मुलांचे सराव आणि सामने पाहायला लागले. दक्षिण कॅलिफोर्नियात बर्फाची रिंक म्हटलं की बाहेरच्यांना नवल वाटतं, पण रिंकचं बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र इथलंच आहे. फ्रँक झांबोनी यांनी ते १९४९ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅरामाउंटमध्ये बनवलं, आणि लोक त्या यंत्राला त्यांच्याच आडनावाने ओळखतात. ते फिरताना बर्फाचा वरचा खरबरीत थर खरवडून घेतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. गरम अशासाठी, की त्याने खालचं बर्फ किंचित वितळतं आणि नवा थर जुन्याशी एकजीव होतो. ते पाणी पसरतं तेव्हा रिंकवर वाफ उठते आणि काचेला नाक लावून बसलेली धाकटी भावंडं गप्प होतात. पायलटचा पहिला प्रसंग मला तिथेच मिळाला असं वाटलं होतं. पण खरा प्रसंग पुढे मिळाला.

एका सामन्यात मी काचेच्या या बाजूला, राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ उभी होते. आइस हॉकीत खेळाडू सतत बदलत असतात. पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जीव तोडून पळायचं आणि बाहेर यायचं, तोवर दुसरे आत गेलेले असतात. बाकाला लागून कमरेएवढं दार असतं. मोठे खेळाडू कठड्यावरून उडी मारतात, लहानांना दारच लागतं. ते दार उघडायचं आणि लावायचं काम राखीव गोलकीपरकडे होतं. एक मुलगी, असेल अकरा-बारा वर्षांची, पायांना तिच्या मांडीएवढे जाड पॅड, हातात ते मोठे ग्लव्ह, डोक्यावर जाळीचा मास्क वर सरकवलेला. खेळाडू जवळ आला की ती कोपराने कडी उचलायची, दार आत ओढायची, दोघं बाहेर, दोघं आत, आणि खटकन बंद. दार उघडं राहिलं तर कुणीतरी त्यावर आपटून जायबंदी होऊ शकतं, त्यामुळे तिला खेळावरची नजर हटवता येत नव्हती. संपूर्ण सामन्यात तिच्या पॅडना एकदाही पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, लागला नाही, आणि तरी रिंकवर सगळ्यात सावध तीच होती. संघाने गोल केला तेव्हा सगळे कठड्यावर आपटत ओरडत होते. ती पण ओरडली. एका हाताने दार धरून.

घरी येऊन मी तो प्रसंग तसाच्या तसा लिहिला. तो पायलटच्या मध्यावर आहे आणि पुढच्या कुठल्याही मसुद्यात मी तो हलवला नाही.

रिंकवर फिरल्याचा दुसरा फायदा म्हणजे १९९२ चा खेळ आणि आजचा खेळ यातला फरक कळला. जुन्या चित्रपटांत मुलं एकमेकांना काचेवर आपटतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. अमेरिकेत ज्या वयोगटाला पीवी म्हणतात, म्हणजे बारा वर्षांपर्यंतचा, त्यात अशी अंगावरची धडक तेव्हा नियमात बसत होती. डोक्याला होणाऱ्या दुखापतींची चिंता वाढल्यावर यूएसए हॉकी या तिथल्या संघटनेने २०११-१२ च्या मोसमापासून ती पुढच्या, चौदा वर्षांपर्यंतच्या गटावर ढकलली. मुलींचंही तसंच. मिनेसोटाने १९९४ मध्ये शाळांच्या पातळीवर मुलींच्या हॉकीला अधिकृत मान्यता दिली, असं करणारं ते पहिलं राज्य. ऑलिंपिकमध्ये महिलांची आइस हॉकी १९९८ साली जपानमधल्या नागानोत आली आणि पहिलं सुवर्ण अमेरिकेने घेतलं. पडद्यावरची ज्युली १९९४ ची आहे. म्हणजे ती बाकावर बसली होती तेव्हा तिच्यासमोर मोठेपणी खेळण्याचं ऑलिंपिकचं मैदानही अजून उघडलं नव्हतं, आणि ती ज्या मुलीला आज बाकावर बसवते तिच्यासमोर ते आहे. हे संवादात कुठेही सांगितलेलं नाही. पण मला हे माहीत असल्यामुळे ज्युलीचा राग कुठून येतो ते मला प्रत्येक पानावर ठाऊक होतं.

मिनेसोटाची निवड मुळातल्या चित्रपटामुळे होती, पण तिथली पद्धत समजल्यावर ती आणखी पक्की झाली. तिथे मुलांची हॉकी वस्ती-वस्तीच्या असोसिएशनवर चालते. शरद ऋतूत निवड चाचण्या होतात, एकाच वयोगटाचे ए, बी, सी असे संघ पाडतात, आणि अनेक ठिकाणी निकाल संकेतस्थळावर लावतात, तोही नावाने नाही, चाचणीच्या जर्सीवर असलेल्या आकड्याने. माझा पायलट तिथे सुरू होतो. रात्री, पार्किंगमध्ये, एका गाडीत आई मोबाइलवर पान पुन्हा पुन्हा उघडून बघतेय आणि मागच्या सीटवर मुलगी म्हणतेय, “माझा नंबर बघू नकोस, आधी तिचा बघ.” दोघी मैत्रिणी, दोघी गोलकीपर, दोघी एकाच संघात निवडल्या गेल्यात. त्या आनंदाने ओरडतात. आपल्याला अजून कळलेलं नसतं की हीच अडचण आहे.

लहान मुलं असलेली मालिका लिहिताना कायद्याचाही विचार कागदावरच करायला लागतो, हे मला या वर्गात शिकायला मिळालं. कॅलिफोर्नियात नऊ ते पंधरा वयाचं मूल शाळेच्या दिवशी सेटवर जास्तीत जास्त नऊ तास असू शकतं, आणि त्यात प्रत्यक्ष काम पाच तास. तीन तास शिक्षण, एक तास विश्रांती, जेवणाची सुट्टी वेगळी. शाळेच्या दिवसांत दर दहा मुलांमागे एक स्टुडिओ शिक्षक लागतो. मुलाच्या कमाईतले १५ टक्के त्याच्या नावाच्या बंद खात्यात जातात. त्या खात्याला कूगन खातं म्हणतात. जॅकी कूगन हा मूकपटांच्या काळातला बालकलाकार मोठा झाला तेव्हा त्याची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी संपवलेली होती, आणि त्यातून १९३९ मध्ये हा कायदा झाला. मला हे नियम मनापासून आवडतात. खेळात मुलांना पिळून काढू नये असं सांगणारी मालिका मुलांना पिळून बनवली जात असेल तर तिचा काय उपयोग?

या पाच तासांचा पटकथेवर थेट परिणाम होतो. सोळा मुलं एकत्र बर्फावर असलेला प्रसंग चित्रित करायला वेळ फार लागतो. स्केट चढवणं, संरक्षक साहित्य चढवणं, एक चुकीची हालचाल झाली की पुन्हा सगळ्यांना जागेवर आणणं. म्हणून प्रत्येक भागात बर्फावरचा मोठा प्रसंग एकच ठेवायचा, आणि बाकीची गोष्ट दोन-तीन पात्रांच्या प्रसंगांत, कपडे बदलायच्या खोलीत, गाडीत, पालकांच्या बैठकीत सांगायची. आधी हे बंधन वाटलं. नंतर लक्षात आलं की मालिकेसाठी हवं असलेलं सगळं तिथेच घडतं. पहाटे साडेपाचच्या सरावाला जाताना गाडीत अर्धवट झोपेत मुलं जे बोलतात ते सामन्यात कधीच बोलत नाहीत.

बॉम्बेचं काय करायचं, यावर मी सगळ्यात जास्त अडले. जुन्या कोचशिवाय हे नाव लावायचं कसं? आणि त्याला आणलं की प्रेक्षक त्याच्याकडेच बघणार. गेम चेंजर्सच्या दुसऱ्या सीझनमध्ये एस्तेवेझ नव्हते, जॉश डुहामेलने केलेला नवा कोच होता, आणि ती पोकळी मला पाहताना जाणवली होती. शेवटी मी त्याला पायलटच्या बाहेर ठेवलं आणि चौथ्या भागात आणलं. तो ज्युलीच्या रिंकवर येतो, बाकाच्या मागे उभा राहतो, आणि ती त्याला तीस वर्षं न विचारलेलं विचारते: तू मला शेवटच्या शॉटला का पाठवलंस, आणि त्याआधी का नाही? त्याचं उत्तर लिहायला मला फार वेळ लागला. त्याने माफी मागणं गोड झालं असतं, त्याने समर्थन करणं खोटं. मी लिहिलं ते असं:

“तेव्हा मी जिंकायचा विचार करत होतो.”

“आणि आधी?”

“आधीही.”

मग तो निघून जात नाही. तिथेच थांबतो आणि मुलांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला लागतो. मला बॉम्बे आवडतो, म्हणूनच त्याला एवढ्यावर सुटू द्यायचं नव्हतं.

मसुदा झाल्यावर वर्गात वाचन झालं. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलं, मी फक्त वर्णनं वाचली. वाचन हा या कामातला सगळ्यात उपयोगी भाग, कारण कुठे लोक कागदावरून मान वर करतात ते दिसतं. पार्किंगच्या प्रसंगाला सगळे हसले. दाराच्या प्रसंगाला खोली शांत झाली. पण त्यानंतर ज्युली त्या मुलीला जे समजावते तिथे पानं चाळल्याचे आवाज आले. त्यात ज्युली स्वतःचं सांगत होती, थांबणं म्हणजे काय, संधी कशी येते वगैरे. एका सहाध्यायीने विचारलं, “त्या मुलीला याचा काय उपयोग? तिला आत्ता खेळायचंय.” शिक्षिकांनी एवढंच म्हटलं की कोच काय बोलते त्यापेक्षा काय करते ते लिहून बघ.

मी तो परिच्छेद काढला. आता त्या जागी असं आहे: मुलगी दार उघडते, लावते, उघडते. ज्युली बाकावरून सरकत तिच्याजवळ येते आणि कडीवर हात ठेवते. “दार मी बघते. तू खेळ बघ. त्यांचा सात नंबर मारायच्या आधी कुठला खांदा पाडतो ते मला सांग.” मुलगी पहिल्यांदा मास्क खाली ओढते, जणू तीच गोलात आहे. तिसऱ्या वेळी ती सांगते, “डावा.” पुढच्या विश्रांतीत ज्युली तिला ते मैत्रिणीला सांगायला पाठवते. आणि इथून गोष्ट पुढे सरकते, कारण मैत्रीण ते ऐकते, सात नंबरचा शॉट अडवते, आणि टाळ्या तिला मिळतात.

सीझनच्या शेवटावर वर्गात खूप वाद झाला. माझ्या आराखड्यात संघ उपांत्य सामन्यात हरतो, आणि राखीव मुलगी तेव्हा गोलात असते. अर्ध्या वर्गाचं म्हणणं होतं की हे या नावाच्या आत्म्याशी जुळत नाही, डक्स शेवटी जिंकायलाच हवेत, लोक त्यासाठी येतात. हे म्हणणं मी हलक्यात घेतलं नाही. मीही त्या चार्लीच्या शॉटवर उड्या मारलेल्या आहेत. पण पहिला चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिला तेव्हा मला दिसलं की बॉम्बे चार्लीला शॉट घ्यायला पाठवतो तेव्हा त्याला आधी सांगतो की चुकलास तरी आपलं काही बिघडणार नाही. त्याच्या स्वतःच्या कोचने त्याला नेमकं उलटं सांगितलं होतं. चार्लीचा पक आत गेला म्हणून चित्रपट आनंदात संपला, पण ते वाक्य पक आत जाण्यावर अवलंबून नव्हतं. दहा भाग हाताशी असताना मला ते वाक्य एकदा खरंखुरं तपासून बघायचं होतं. शॉट आत गेल्यावर. म्हणजे समोरच्यांचा, तिच्या पायांमधून. त्यानंतर शेवटचा पूर्ण भाग आहे, आणि त्यात ज्युलीला दाखवायचंय की ती ते बोलते तेव्हा तसं वागतेही. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला ती कुणाला गोलात उभं करते, हा सीझनचा शेवटचा प्रश्न. आराखड्यात मी त्याचं उत्तर दिलंय: जी हरली तिला.

सत्र संपलं, काम दिलं. शिक्षिकांनी परत केलेल्या प्रतीवर समासात बऱ्याच खुणा होत्या, बहुतेक पालकांच्या प्रसंगांवर, आणि त्या मला पटल्या. ही पात्रं डिस्नेची आहेत, त्यामुळे हा पायलट कधी बनणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्या दोन गोलकीपर मुली, ते पार्किंग, ते दार आणि ती कोच कुणाच्या मालकीची नाहीत. सध्या मी सगळी नावं काढून ती गोष्ट स्वतंत्रपणे लिहायला घेतली आहे. ज्युलीची जागा घेणाऱ्या बाईला नवा भूतकाळ द्यावा लागतोय, कारण आता प्रेक्षकाला तो आधीच ठाऊक नसणार. म्हणजे तिचं बाकावर बसणं मला पहिल्यांदा पडद्यावर दाखवावं लागेल. एका हॉकी खेळणाऱ्या मुलीची आई मसुदा वाचून देतेय. तिने काल कळवलं की राखीव गोलकीपर दुसऱ्या विश्रांतीनंतर थंड पडते, म्हणून तिला बर्फावर सोडून थोडे शॉट मारून गरम करतात, आणि ते माझ्या पानांत कुठेच नाही. तिसऱ्या अंकाची सुरुवात आता तिथून होईल.